वगळलेली चार ग्रहणं

सरांच्या पुस्तिकेत एकेचाळिसाव्या पानावर, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आहे: ‘शेवटची चार निरीक्षणे निरीक्षकाच्या नेत्रदोषामुळे वगळली आहेत.’ निरीक्षक म्हणजे आमचे भाऊजी, माझे धाकटे दीर. आणि ती चार निरीक्षणं घेताना गच्चीवर त्यांच्या शेजारी कुडकुडत, हातात पेन्सिल धरून कोण उभं होतं? मी. मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ती ओळ वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणून सगळं जसं झालं तसं सांगते, आणि त्यात माझ्या अंगावर येईल तेही सांगते.

भाऊजी कापड रंगवायच्या कारखान्यात रंग जुळवायचे. गिऱ्हाईक चिमटीत मावेल एवढा कापडाचा तुकडा घेऊन येणार आणि म्हणणार, अगदी हाच रंग पाहिजे, दोन हजार मीटर. मग भाऊजी लहान लहान भांड्यांत रंग कालवणार, त्यात कापड बुडवणार, वाळवणार, खिडकीशी नेऊन गिऱ्हाइकाच्या तुकड्याला चिकटवून धरणार आणि मान हलवणार. पुन्हा कालवणार. अडतीस वर्षं हेच केलं. त्या खात्यात एक शिस्त होती, रंगाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की दहा माणसं दहा रंग समजतात आणि माल परत येतो. तुकडा शेजारी धरला की बोलायची गरजच पडत नाही.

हे खूळ घरात इतकं मुरलं होतं की विचारू नका. मी म्हणायचे, भाऊजी, तो लाल टॉवेल आणा. ते दोरीसमोर उभे राहून विचारणार, डावीकडून कितवा? तरुणपणी त्यांचं एका ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं. मुलीने सहज विचारलं, माझ्या ड्रेसचा रंग कसा वाटला? भाऊजी म्हणाले, कोणत्या उजेडात? ते लग्न तिथेच मोडलं. त्यानंतर कुणी विषय काढला नाही, आणि भाऊजी आमच्यातच राहिले.

ग्रहणाचा नाद त्यांना सरांमुळे लागला. सर कॉलेजात शिकवायचे आणि हौशी लोकांचं आकाश बघायचं मंडळ चालवायचे. एकदा कारखान्याच्या वाचनालयात त्यांचं भाषण झालं. भाऊजी घरी आले ते जेवायचं विसरून मला सांगत बसले. ग्रहणात चंद्र आपल्या पृथ्वीच्या सावलीत जातो. त्या सावलीची कड दर वेळी गोलच दिसते, म्हणून जुन्या लोकांना पृथ्वी गोल असल्याचं जागेवरून न हलता कळलं. चंद्रावर हवेचं पांघरूण नाही, हेही ग्रहणातच नीट कळतं. सावली पडली की तिथली जमीन तासाभरात इतकी गार पडते की आपल्याकडे तेवढी महिनोन्‌महिने हिवाळा असून पडणार नाही. पण भाऊजींचा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. चंद्र पूर्ण सावलीत गेला की ठार काळा व्हायला पाहिजे, तो होत नाही. तो तापलेल्या तव्यासारखा दिसतो. कारण त्या वेळी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत असतो आणि मावळत असतो, तिथला सगळा उजेड आपल्या हवेतून वाकून चंद्रावर पडतो. हवा स्वच्छ असली तर चंद्र उजळ, हवेत वरपर्यंत धूळ चढली असली तर काळपट. म्हणजे बघायचं चंद्राकडे आणि कळायची आपल्याच हवेची तब्येत.

तर हा रंग मंडळातली माणसं कशी नोंदवायची? शून्य ते चार असे आकडे होते. शून्य म्हणजे काळा, दोन म्हणजे गंजासारखा, चार म्हणजे तांब्याचा चकचकीत. एकाच गच्चीवर उभी राहून एक जण दोन म्हणायचा, एक जण साडेतीन. भाऊजींना हसू आवरेना. मला म्हणाले, वहिनी, ही माणसं चंद्राला नावं ठेवतायत.

मग त्यांनी स्वतःची तऱ्हा काढली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला दोन भोकं पाडली. एका भोकातून चंद्र दिसायचा. दुसऱ्या भोकाच्या मागे रंगवलेल्या कापडाचा तुकडा आणि त्यावर एका लहान बल्बचा उजेड. दोन्ही एकाच डोळ्याने, शेजारी शेजारी. तुकडे चाळीस होते, कारखान्यात स्वतःच्या हाताने रंगवलेले. एक नंबर सगळ्यांत फिका, चाळीस जवळजवळ काळा. प्रत्येकाचे तसेच आणखी दोन तुकडे काळ्या कागदात गुंडाळून ट्रंकेत, उजेडाने विटतील म्हणून. बल्ब फूटपट्टीवर मागेपुढे सरकायचा. चंद्र अंधुक झाला की बल्ब लांब न्यायचा, दोन्हीकडचा उजेड सारखा दिसेपर्यंत. बल्ब सरकवणं, बॅटरीच्या मीटरचा काटा खुणेवर ठेवणं आणि आकडे लिहिणं ही माझी कामं. आमचे हे एकदा डोळे चोळत वर आले, दोन मिनिटं बघितलं, म्हणाले, दिवा लावून चंद्र बघणारी माणसं मी आजच पाहिली, आणि खाली जाऊन झोपले. ते पुन्हा कधी वर आले नाहीत.

एकतीस वर्षांत आमच्या गच्चीवरून दिसणारी पूर्ण ग्रहणं चौदा झाली. तीन ढगांनी खाल्ली. अकरा आम्ही धरली. दर ग्रहणाची एक वही, तिच्यात तुकड्याचे नंबर, बल्बचं अंतर, मिनिटामिनिटाला. एकदा भाऊजींनी लिहून ठेवलं की चंद्र पूर्ण झाकायच्या जरा आधी सावलीच्या कडेला एक वेगळाच रंग येतो. मी त्याला फिरोजी म्हणते, ते म्हणणार नाहीत. त्यांनी कारखान्यातला तसाच एक धागा आणून वहीत चिकटवला. सर हसले होते. दहा वर्षांनी सरांनीच कुठल्याशा मासिकात वाचलं की हवेच्या अगदी वरच्या थरात ओझोन आहे, तो तांबडा उजेड खातो आणि सावलीची कड निळसर दिसते. सांगायला आले तेव्हा भाऊजींनी फक्त तो धागा दाखवला. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटच्या चार ग्रहणांतलं तिसरं मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच्या काही महिने आधी सातासमुद्रापलीकडे एक ज्वालामुखी फुटला होता. ग्रहण लागलं आणि चंद्र सापडेना. ढग नाही, काही नाही, चांदण्या स्वच्छ, आणि चंद्राच्या जागी काहीतरी राखेचं बोट लागल्यासारखं. मी बल्ब सरकवत नेला, फूटपट्टी संपली, तरी भाऊजी म्हणत होते, लांब, अजून लांब. शेवटी बल्बवर पातळ कागद धरला तेव्हा जुळला. तुकडा एकोणचाळीस. मंडळातल्या बाकी सगळ्यांकडे त्या वेळी ढग होते. आमच्या भागातली त्या काळोख्या चंद्राची मोजून घेतलेली नोंद फक्त आमच्या वहीत होती. भाऊजींनी आयुष्यात कधी बढाई मारली नाही, पण त्या आठवड्यात ते जिना शीळ घालत चढायचे.

म्हणून सर घरी आले, वह्या बघितल्या, दोन कप चहा प्यायले आणि म्हणाले की हे सगळं छापलं पाहिजे. मंडळातर्फे पुस्तिका निघेल, तुकडे कोऱ्या कागदावर चिकटवून प्रत्येक ग्रहण दाखवता येईल. भाऊजींनी वह्या दिल्या. तोवर त्यांना निवृत्त होऊनही तीन वर्षं झाली होती, आणि डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा ते थेट खिडकीतल्या पडद्यापाशी गेले. म्हणाले, हा असा होता? घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी उचलून एकेका डोळ्याने बघितली. डाव्याने सगळं जुन्या चहासारखं दिसतं, उजव्याने धुतल्यासारखं. आणि मग हा माणूस काय करतो, तर सरांना फोन लावून हे सगळं सांगतो. कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच उभी होते, हातवारे करून गप्प बसा म्हणत होते. पण रंग जुळवणाऱ्याने डोळा बिघडल्याचं लपवणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी.

आणि तीन महिन्यांनी पुस्तिका आली, सोबत वह्याही परत आल्या. सात ग्रहणं छापलेली, चार वगळलेली. काळोखा चंद्र गेला. सरांनी समजुतीचं पत्र जोडलं होतं की मोतीबिंदू तपकिरी असतो, त्यातून चंद्र काळा दिसणं स्वाभाविक आहे, गैरसमज नसावा.

मी ती पुस्तिका घेऊन तडक सरांच्या घरी गेले. चप्पलही धड घातली नव्हती. सरांना म्हटलं, त्यांनी ज्या डोळ्याने चंद्र बघितला त्याच डोळ्याने शेजारचा तुकडा बघितला ना? चष्मा काळा असला तर दोन्ही काळं दिसेल, मग जोड कशी चुकेल? एवढं साधं माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्या बाईला कळतं आणि तुम्हाला कळत नाही? सर चष्मा पुसत बसले. मला वाटलं, जिंकले.

घरी येऊन भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, सरांची शंका बरोबर आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते मात्र शांतपणे समजावत बसले. कारखान्यात दोन कापडं दिव्याखाली अगदी एक दिसतात आणि उन्हात नेली की दोन होतात. चंद्राचा उजेड वेगळा, बल्बचा वेगळा. चांगल्या डोळ्याला जुळलेली जोड मोतीबिंदूच्या डोळ्याला जुळेलच असं नुसतं बोलून ठरत नाही. ते बघायला लागतं.

“मग बघा की,” मी म्हटलं. “एक डोळा नवा आहे, एक जुना आहे. असं पुन्हा कुठे मिळणार?”

हे मी म्हटलं. आधी माझ्या तोंडून निघालं, त्यांच्या नाही. पुढचं पूर्ण ग्रहण चार महिन्यांवर होतं, तेही संध्याकाळी चंद्र उगवता उगवता. एका डोळ्याने जुळवायचं, मग दुसऱ्याने, दोन्ही आकडे सरांच्या तोंडावर फेकायचे. भाऊजींचा चेहरा उजळला. पण डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच दोनदा पुढे गेलं होतं. डॉक्टरबाईंना विचारायला हवं होतं. दवाखान्यात भाऊजींच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं, आणि तारीख ठरवायला मी आत गेले.

डॉक्टरबाईंनी चार महिने ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा मोतीबिंदू पिकत आलाय, फुगतोय. थांबलात तर आतल्या आत फुटेल, डोळ्यात दाब चढेल, आणि मग मी काही करू शकणार नाही. पंधरा दिवसांत या. मी हो म्हटलं. बाहेर आले. भाऊजींनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, लवकर केलं तर बरं म्हणाल्या, पण अगदी अडलंय असं नाही.

मी हे लिहिताना माझा हात थांबतो. त्या वेळी मला काय वाटत होतं ते मला नक्की आठवतंय. मला वाटत होतं, डॉक्टर लोक घाबरवतातच. आणि मला सरांचा चेहरा पडलेला बघायचा होता. रागाच्या भरात मी त्यांच्या डोळ्याचा सौदा केला, आणि तोही त्यांना न सांगता.

ग्रहणाच्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे काढायला वर आल्या होत्या, त्यांना मी जवळजवळ हाकललं. चंद्र समोरच्या पाण्याच्या टाकीवरून वर आला तेव्हाच अर्धा खाल्लेला होता. मी तुकडे पत्त्यांसारखे पिसून ठेवले होते, नंबर भाऊजींना दिसू नयेत म्हणून. ते एका डोळ्यावर कापसाची घडी दाबायचे, मी तुकडे एकेक करून घालायचे, ते थांबा म्हणाले की नंबर लिहायचे, तोंडातून अक्षर न काढता. मग घडी दुसऱ्या डोळ्यावर. सहा वेळा उजवा, सहा वेळा डावा. उजव्या डोळ्याने चार वेळा तेवीस आणि दोन वेळा चोवीस धरला. डाव्याने तीन वेळा तेवीस, तीन वेळा चोवीस. बल्बच्या अंतरातला फरक अर्ध्या बोटाच्या आत. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी टॉर्चच्या उजेडात आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि डब्याशेजारी खाली जमिनीवरच बसले. म्हणाले, म्हणजे एकोणचाळीस बरोबर होता. मी रडले. खोटं कशाला बोलू, सरांचा विचार करून थोडी हसलेसुद्धा.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट बघितली होती. ती कडेची फिरोजी झाक उजव्या डोळ्याला दिसली, डाव्याला मुळीच नाही. आणि वगळलेल्या चारही वह्यांत त्यांनी लिहिलं होतं, कडेला रंग नाही. ते चूक होतं. रंग होता, डोळा बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही ठिकाणी रेघ मारली, बाजूला सही केली, वह्या पुन्हा सरांकडे पाठवल्या आणि त्यांना दोन्ही गोष्टी कळवल्या. मी म्हटलं, दुसरी नंतर कळवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

सरांचं उत्तर यायच्या आधी डोळा गेला. ग्रहणाला तीन आठवडे झाले होते. सकाळी उठले ते डोकं धरून. मला वाटलं पित्त असेल, मी गोळी दिली. दुपारी उलट्या. संध्याकाळी डावा डोळा विस्तवासारखा झाला तेव्हा आमच्या ह्यांनी रिक्षा आणली. डॉक्टरबाईंनी ऑपरेशन केलं, पण आतली नस दाबाने मेली होती. आता त्या डोळ्याला दिवा लावलाय की विझवलाय एवढंच कळतं. डॉक्टरबाई मला खाटेशेजारीच बोलल्या. मी तुम्हाला पंधरा दिवस सांगितले होते, त्या म्हणाल्या, तुम्ही हो म्हणाला होतात. मी खाली मान घालून उभी राहिले. भाऊजी पट्टी बांधून पडले होते, औषधाने झोपलेले.

घरी आल्यावर ते नेहमीसारखेच होते. चहा ओतताना कप डावीकडे असला की बाहेर सांडायचा, तर कप उजवीकडे ठेवायला लागले. जिन्यात डावा खांदा भिंतीला घासायचा. कुणी हळहळ केली की म्हणायचे, एक आहे की. मी रोज ठरवायचे की आज सांगते, आणि रोज भांडी घासत बसायचे.

मग सरांचं पत्र. निकाल आशादायक आहे, अभिनंदन. तथापि निरीक्षण एकच, निरीक्षक एकच. शिवाय कडेच्या रंगाबाबत दोष मान्य केलेलाच आहे. पुढच्या ग्रहणात हाच प्रयोग पुन्हा करावा, निकाल तोच आला तर पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत चारही ग्रहणं घेऊ. पुन्हा करावा म्हणे. कोणत्या डोळ्याने? मी फोन उचलला आणि सरांना डोळ्याचं सांगितलं. त्यांनी डोळा कधी गेला ते विचारलं. मग म्हणाले, फार वाईट झालं, मनापासून वाईट वाटतं, पण माझे हात बांधलेले आहेत, एका रात्रीच्या आकड्यांवर मी नाही छापू शकत. आवाज खरंच रडवेला होता. तेच मला जास्त झोंबलं. माणूस दुष्ट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

पुढचं ग्रहण पावणेतीन वर्षांनी. पहिलं सव्वा-दीड वर्ष मी काय करत होते, तर धुसफुसत होते. शेजारीण दारात दिसली तरी खेकसायचे. आमचे हे म्हणायचे, घरात एक ज्वालामुखी जिवंत आहे, त्याची नोंद घ्या. आणि मग गेल्या महिन्यात मला सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आता करून घ्या. मी खुर्चीत बसल्या बसल्या हिशेब केला. एक आता करायचा. दुसरा ग्रहणापर्यंत ठेवायचा. एकतीस वर्षं त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे, तुकडा जुळला की नाही ते मलाही कळतं. दुसरा निरीक्षक, दुसरे डोळे. सरांना जे हवं ते सगळं.

भाऊजी गच्चीवर होते म्हणून मी लगेच सरांना फोन लावला. सर हरखले. हे तर फारच उत्तम, म्हणाले, फक्त डोळ्याची काळजी घ्या. मी म्हटलं, काळजी कसली, वर्ष-दीड वर्ष थांबायचंय, डोळा कुठे पळून जातोय?

मागे वळले तर भाऊजी दारात उभे होते. त्यांना मी कधी रागावलेलं बघितलेलं नाही. चाळीस वर्षांत त्या माणसाने मांजरीवर आवाज चढवला नाही. ते आले आणि माझ्या हातातून फोन ओढून घेतला. ओरबाडलाच म्हणा, माझं बोट दुखावलं.

“सर,” ते म्हणाले, “ती चार पुसून टाका. वह्या परत पाठवा, मी फाडून टाकतो. माझी जोड चुकली होती. चंद्र एवढा काळा नव्हता.”

मी ओरडले की खोटं आहे हे. ज्या माणसाने अडतीस वर्षांत एक चुकीचा तुकडा कारखान्याबाहेर जाऊ दिला नाही, तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता की चंद्र काळा नव्हता. तिकडून सर काहीतरी विचारत होते. भाऊजींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आणि फोन ठेवला.

मी चवताळले होते. म्हटलं, तुमचा डोळा त्या चार वह्यांपायी गेला आणि तुम्ही त्या अशा टाकून देता? आता तो कशासाठी गेला ते तरी सांगा मला. त्यांनी माझ्याकडे बघायला मान पूर्ण डावीकडे वळवली. आता तशीच वळवावी लागते.

“रोज सकाळी मी आधी तो डोळा उघडतो,” ते म्हणाले. “उजवा हाताने झाकून. आज दिसेल म्हणून. रोज. तुम्हाला वाटतं मला त्याचं काही नाही?”

स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात होतं, वास येत होता, आम्ही दोघंही हललो नाही. मग त्यांनी खुंटीवरची माझी पर्स काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, उद्या डॉक्टरबाईंकडे जायचं. दोन्ही डोळ्यांची तारीख घ्यायची, एकापाठोपाठ एक.

“आणि या वेळी,” ते म्हणाले, “मी बाहेर बाकावर बसणार नाही. त्या काय सांगतात ते आत येऊन मी स्वतः ऐकणार.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी पर्स घेतली आणि गॅस बंद करायला गेले.